कुजबुज्यांची पदरची वाक्ये

नाटक कंपनीत आईबापांनी ठेवलेले नाव फार दिवस टिकत नाही. एखाद्याचे नाव भूमिकेमुळे जाते, एखाद्याचे खोडीमुळे. प्रॉम्प्टरचे काम करायला आलेल्या या सडपातळ गृहस्थाचे नाव पहिल्याच दौऱ्यात गळून पडले आणि तिथे ‘कुजबुजे’ येऊन बसले. ऐकणाऱ्याला ते अस्सल आडनावच वाटायचे. पुढे घराच्या दारावर पाटी लावायची वेळ आली, तेव्हा रंगाऱ्यानेही न विचारता तेच लिहिले.

काम अंधारातले. विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसायचे, मांडीवर संहिता उघडी ठेवायची आणि निळा कागद लावलेली विजेरी ओळीवरून सरकवत राहायची. नट अडखळला की वाक्याचे पहिले दोन शब्द अशा बेताने सोडायचे की ते त्याच्या कानात पडावेत, पण पहिल्या रांगेच्या कानात पडू नयेत. कुजबुज्यांची यात हातोटी होती. कंपनीचे मुख्य नट एकदा घशाला जरा जास्त ‘औषध’ लावून रंगमंचावर गेले आणि अख्खा प्रवेशच विसरले. कुजबुजे ओळ देत होते, ती काही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. शेवटी ते विंगेकडे सरकून दातओठ खात म्हणाले, “अरे, काहीही दे! पदरचं घाल, पण दे!” कुजबुज्यांनी तीच छापील ओळ तिसऱ्यांदा दिली. पडदा पडल्यावर नट अंगावर धावून आले, तर हे शांतपणे म्हणाले, “पदरचं घालायचं काम तुमचं. माझ्या पदरात काही नसतं.”

समोरच्या विंगेत कपडेपट सांभाळणाऱ्या बाई उभ्या असत. मनगटावर टाचण्यांची गादी बांधलेली, तोंडात दोरा. त्या जन्मापासून ऐकू शकत नव्हत्या. अख्खी कंपनी त्यांना ‘बाई’च म्हणे आणि काही सांगायचे असले की उगाच मोठ्याने ओरडे. बाईंना सगळ्यांची नाटके पाठ होती. पलीकडच्या विंगेतले कुजबुज्यांचे ओठ त्या रोज वाचत. मुख्य नटाला ऐकू न गेलेले वाक्य बाईंना दिसायचे आणि त्या पुढच्या प्रवेशाचा शेला घेऊन बरोबर त्या क्षणाला हजर व्हायच्या. कुजबुज्यांना हे कळले तेव्हा ते दोन प्रयोग नुसतेच लाजले. तिसऱ्या प्रयोगात त्यांनी संहितेत नसलेले काहीतरी ओठांनी म्हटले आणि बाईंच्या हातातून टाचण्या सांडल्या. काय म्हटले, ते दोघांनीही कुणाला कधी सांगितले नाही. लग्नानंतर कुजबुजे सगळ्यांना सांगायचे, “आयुष्यभर कुजबुजलो आणि बायको मिळाली ती अशी, की बोंब मारली तरी वळून बघणार नाही.” हे वाक्य ते हातांनी बाईंनाही सांगायचे. बाई हसायच्या आणि हातातली पट्टी त्यांच्या पाठीत घालायच्या.

हातांच्या भाषेत अहो-जाहो नसते. नावेही नसतात, खुणा असतात. कुजबुज्यांची खूण ओठांवर टेकवलेली दोन बोटे. बाईंची खूण चिमटीत धरलेली सुई. लेक जन्मली. ती पंधरवड्याची असताना पाळण्याशेजारी डबा पडला, आणि आवाजाकडे तिची मान वळली. बाईंनी ते पाहिले आणि आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली. तीच लेकीची खूण झाली.

लेकीला बोलता आले ते आधी हातांनी. तोंडाने ती बरीच उशिरा बोलली. कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसून ती आईला बाहेरचे आवाज सांगायची. टाळ्या झाल्या, कुणी शिंकले, हार्मोनियमवाल्याने चूक केली. मोठी झाल्यावर याचाच तिने व्यवसाय केला. न ऐकणाऱ्यांची दुभाषी झाली आणि दूरच्या देशात कोर्टात, दवाखान्यात, शाळेत उभी राहू लागली. “बाबा, तुमचंच काम करते,” ती म्हणायची. “फक्त उजेडात.”

कंपनी बंद पडली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहू लागले. आणि मग बाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचे दिसायचे, मधले जायचे. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग आणि डागाभोवती त्याचे कान. डॉक्टरांनी सांगितले, आहे ते सांभाळा, गेलेले येणार नाही. ओठ वाचणे संपले. पुस्तक संपले. फोनवरची एवढीशी लेक तर आधीच संपली होती. ऐकणाऱ्याचे डोळे गेले तर कान उरतात. बाईंपाशी उरायला काही नव्हते.

लेकीने त्यावर तोड काढली. दुकानदाराला सांगून घरी एक दांडगा टीव्ही पाठवला. फोनवर जे दिसते तेच त्या टीव्हीवर दिसावे अशी जोडणी करून दिली. पहिल्यांदा ती त्या पडद्यावर आली तेव्हा तिचे हात ताटाएवढे होते. बाई खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या, मान जराशी तिरकी केली, म्हणजे कडेच्या शाबूत नजरेत ते हात यावेत, आणि घडाघडा बोलायला लागल्या. दर सुट्टीच्या दिवशी हे चालायचे. कुजबुजे मागे बसून शेंगा सोलायचे. मायलेकी त्यांच्याच तक्रारी करायच्या आणि हे मधूनच म्हणायचे, “मी दिसतोय, बरं का. मला कळतं सगळं.”

नंतर देशात काहीतरी पेटले. शहरातून लष्कराच्या गाड्या फिरल्या आणि सरकारने परदेशी व्हिडिओ कॉल बंद करून टाकले. साधा फोन चालू होता. ज्यांना कान होते त्यांचे फारसे अडले नाही. अडले ते बाईंचे. त्यावरही लोकांनी वाट काढलीच. गल्लीच्या तोंडाशी टपरीत फोन दुरुस्त करणारी एक मोबाइलवाली बसायची. तिच्याकडे गेले की ती फोनमध्ये व्हीपीएन टाकून द्यायची. सरकार एक बंद करायचे, ती दुसरे टाकायची.

“काका, हे सुरू केलं ना, की तुमचा फोन परगावी गेला असं समजा,” तिने कुजबुज्यांना समजावले होते. “इथे बसून तो तिकडचा झाला. मग तिकडे जे चालतं ते सगळं चालणार.”

“आणि परत आणायचा असला तर?”

“बंद करा की आला घरी. तुमच्यासारखाच आहे गरीब बिचारा, सांगाल तिथे जातो.”

लेक आजारी असल्याचे याच सुमाराला कळले. डोके दुखायचे, डाव्या हाताला मुंग्या यायच्या. साध्या फोनवर तिने बापाला सांगितले की डोक्यात गाठ आहे, काढायची ठरलीय, पण सगळे सविस्तर आईच्या देखत सांगेन. “मला तिच्याशी माझ्या हातांनी बोलायचंय, बाबा. मोठ्या टीव्हीवर. तेवढं जमवा.”

जमवायचेच होते. चालू होते ते व्हीपीएन नेमके त्याच आठवड्यात सरकारने बंद पाडले. कुजबुजे टपरीवर गेले, नवे टाकून आणले. घरी येऊन त्यांनी लेकीच्या तिकडच्या मैत्रिणीला कॉल लावून पाहिला, लागला. मग व्हीपीएन बंद करून फोनमधला एक जुना फोटो टीव्हीवर धाडून पाहिला, दिसला. समाधानाने त्यांनी फोन चार्जिंगला लावला. संवादांची तालीम वेगळी झाली, प्रकाशयोजनेची वेगळी झाली, आणि ज्याने जन्मभर रंगीत तालमीला गैरहजर नटांना शिव्या दिल्या, त्या माणसाने दोन्ही एकत्र करून पाहिलेच नाही.

दुपार होती. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि केसांना तेल लावून बसल्या होत्या. कुजबुज्यांनी व्हीपीएन सुरू केले, कॉल लावला. लेक दिसली. डोक्याला रुमाल, गळ्याशी हाडे वर आलेली. त्यांनी टीव्ही शोधायचे बटण दाबले. फोनने बराच वेळ शोधल्यासारखे केले आणि लिहिले, एकही उपकरण सापडले नाही.

पुन्हा दाबले. पुन्हा तेच. टीव्ही हातभरावर, भिंतीला, निळा होऊन उभा.

“बाबा, व्हीपीएनमुळे असेल,” लेकीचा आवाज आला.

त्यांनी व्हीपीएन बंद केले. टीव्हीचे नाव लगेच यादीत उगवले आणि त्याच क्षणी लेक थिजली, तोंड अर्धे उघडे, आणि कॉल तुटला. पुन्हा सुरू केले, कॉल लावला. लेक आली, टीव्ही गेला. पुन्हा बंद. टीव्ही आला, लेक गेली. असे किती वेळा झाले कोण जाणे. कुजबुज्यांच्या बोटांना घाम सुटला, स्क्रीन बोटे ओळखेना. बाई खुर्चीत बसून निळ्या पडद्याकडे बघत होत्या. मधूनच कानाची पाळी धरून विचारत होत्या, “आली?”

“येतेय, येतेय,” हे हातांनी सांगत होते.

“बाबा, वायर आहे का जोडायची?”

“नाही गं.”

“मग राहू द्या. मला फार वेळ बसवत नाहीये. फोन टेबलावर उभा करा, आई दिसेल असा. तुम्ही तिच्यासमोर उजेडात उभे राहा. मी हातांनी बोलते, तुम्ही बघून तसंच्या तसं तिला मोठं करून द्या.” ती थकल्यासारखी हसली. “द्या आज मला प्रॉम्प्टिंग.”

फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा राहिला. कुजबुजे खिडकीपाशी, बाईंच्या डोळ्यांच्या जवळ उभे राहिले. बाईंनी टेबलाकडे वाकून पाहिले. काचेत काहीतरी फिकट हलत होते, एवढेच त्यांना दिसले असावे. त्या मागे टेकल्या आणि नवऱ्याच्या हातांकडे तिरकी मान केली.

लेकीने सुरुवात केली. आई, कशी आहेस. कुजबुज्यांनी दिले. डोळ्यांत थेंब घालतेस का. दिले. बाबा छळतात का. तेही प्रामाणिकपणे दिले, बाई म्हणाल्या “फार,” आणि खोलीत थोडा जीव आला.

मग लेकीचे हात सावकाश झाले. ती म्हणाली, “आई, परवा माझं ऑपरेशन आहे. गाठ वाईट जागी आहे. मी उठेन याची डॉक्टरांना खात्री नाही. उठले तरी माझे हात चालतील याची खात्री नाही. म्हणून आज बोलून घेते. हे माझे हात आहेत तोवर.”

कुजबुज्यांनी ‘ऑपरेशन’पर्यंत दिले. ‘परवा’ दिले. आणि थांबले.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. मघाचे हसू अजून पुरते गेले नव्हते. तेल लावलेल्या केसांवर ऊन पडले होते. इतक्या वर्षांत नटांनी किती मरणे केली आणि या माणसाने ती शब्दन् शब्द पुरवली. मुलांची मरणे, राजांची, नवऱ्यांची. कधी आवाज हलला नव्हता. आता हात छातीपाशी आले आणि तिथून पुढे जाईनात.

बाईंनी हनुवटी उडवली. पुढे?

“गाठ छोटी आहे,” कुजबुज्यांचे हात म्हणाले. “काढली की संपलं. पंधरा दिवसांत हिंडायला लागेन.”

बाईंनी मोठा श्वास सोडला, जणू कुणी त्यांच्या पाठीवरचे ओझे उतरवून घेतले. त्या फोनकडे वळल्या आणि स्वतःच्या हातांनी लेकीला म्हणाल्या, “मग इतकी लांब तोंडं कशाला करता दोघं? बरी झालीस की ये. येताना मोठ्या भोकाच्या सुया आण. इथल्या सुयांत मला दोरा ओवता येत नाही.”

लेकीने आईचे हे सगळे पाहिले. त्याआधी बापाचे हातही पाहिले होते. कॅमेऱ्यात ते पूर्ण दिसत होते.

“बाबा,” ती तोंडाने म्हणाली. “मी हे नाही म्हटलं.”

कुजबुज्यांनी डब्याला टेकलेला फोन उगाच जरा सरळ केला.

“बाबा, मी काय म्हटलं ते सांगा तिला. माझी शप्पथ आहे तुम्हाला.”

कुजबुज्यांनी मान हलवली, नाही म्हणून, अगदी थोडी.

मग लेकीने त्यांना सोडून दिले. ती फोनच्या अगदी जवळ आली आणि आईकडे बघत हात केले, मोठे, झटक्याचे, इतके मोठे की कॅमेऱ्याच्या बाहेर जात होते. तीच वाक्ये, पुन्हा. मग पुन्हा. बाई पुढे वाकल्या. डोळे बारीक केले, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली.

“हात मोठे झालेत तिचे,” त्या म्हणाल्या. “रागावलीय का? काय म्हणतेय?”

“म्हणतेय, आई किती वाळलीस. नीट जेवत जा.”

“अगोबाई, मी कुठे वाळले?” बाई म्हणाल्या आणि फोनला आपला दंड दाखवायला लागल्या. तेवढ्यात व्हीपीएनने मान टाकली. लेक दोन्ही हात वर असलेली तशीच काचेत राहिली आणि मग तीही गेली.

थोड्या वेळाने साधा फोन वाजला. कुजबुजे तो घेऊन जिन्यात गेले. खरे तर घरात बसून बोलले असते तरी चालले असते.

“तुम्हाला कुणी हक्क दिला?” लेकीने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. “कोर्टात मी असं केलं असतं तर मला हाकलून दिलं असतं. खुन्याचं सुद्धा वाक्य मी बदलत नाही, बाबा.”

“तुझी आई—”

“माझी आई काय लहान मूल आहे? ऐकू येत नाही म्हणून जन्मभर सगळ्यांनी तिला अर्धंच सांगितलं. आपल्या घरात तरी पूर्ण सांगायचं असं होतं ना?”

“हात पुढे गेले नाहीत गं.”

मग ती जरा हळू बोलली. “बरं. मी रेकॉर्ड करून पाठवते. व्हीपीएन लावून उतरवून घ्या. एकदा फोनमध्ये आलं की व्हीपीएनची गरज नाही, बंद करून थेट टीव्हीवर लावा. आजच दाखवा. तिला काय म्हणायचंय ते तुमच्या फोनवर टिपून मला पाठवा. मी वाट बघते. दाखवाल ना?”

“दाखवतो.”

“बाबा.”

“दाखवतो म्हटलं ना.”

संध्याकाळी व्हिडिओ आला. कुजबुज्यांनी न्हाणीघराची कडी लावून तो पाहिला. बाहेर आले तेव्हा बाई जुन्या परकराची शिवण उसवत होत्या आणि चेहऱ्यावर अशी काही प्रसन्नता होती, की बऱ्याच महिन्यांत नव्हती. लेकीच्या सुट्टीत कुठले अंथरूण कुठे घालायचे ते त्या ठरवत होत्या. कुजबुज्यांनी फोन खिशात ठेवला. ऑपरेशन होऊ दे, त्यांनी मनाला सांगितले. ती उठेल. उठली की या व्हिडिओचे कामच काय? उगाच बिचारीला दोन रात्री जाळायची कशाला? माणूस स्वतःला प्रॉम्प्टिंग करायला लागला की त्याला हवे तेच वाक्य ऐकू येते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेकीचा साधा फोन दोनदा आला. त्यांनी उचलला नाही.

ती उठली नाही. मैत्रिणीने कळवले की श्वास चालू आहे, हलत नाही. कुजबुज्यांनी बाईंना सांगितले, औषधांनी झोपवून ठेवलंय. काही दिवस बाई रोज सकाळी विचारायच्या, “उठली?” आणि हे सांगायचे, “झोपू दे, विश्रांती हवी.” मग एका सकाळी मैत्रीण फोनवर नुसतीच रडली. तेव्हा मात्र पदरचे काही घालायला जागा नव्हती. त्यांनी बाईंसमोर बसून कानाची पाळी धरली आणि मग हात उताणा करून खाली नेला.

बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यांना स्वतःला कधीच कळणार नव्हता. खालच्या मजल्यावरचे लोक जिना चढून आले.

लेकीला तिकडेच पोहोचवले. दोघे जाऊ शकले नाहीत. कागदपत्रे मिळेपर्यंत सगळे उरकलेही होते. शेजारचे चार दिवस डबे आणत राहिले, मग तेही थांबले. बाई बोलेनाशा झाल्या. खुर्चीत बसून त्या बंद टीव्हीकडे तोंड करून असायच्या. एकदा त्यांनी कुजबुज्यांची बाही ओढली. “मला ती दाखव. जुने फोटो असतील. मोठे करून दाखव.”

कुजबुज्यांना आता त्या टीव्हीला हात लावायची भीती वाटत होती. ते फोन घेऊन टपरीवर गेले. मोबाइलवाली चहा पीत होती.

“काका, झालं का त्या दिवशी लेकीशी बोलणं?” तिला काही माहीत नव्हते.

“टीव्ही सापडत नव्हता.”

“व्हीपीएन चालू असताना ना? अरे देवा, सांगायचं राहिलंच.” तिने अंगठ्याने दोनदा काहीतरी सरकवले. “या नव्यात एक बटण असतं, घरातली उपकरणं दिसू द्यायची का म्हणून. आधीच्यात ते चालूच होतं, यात मुळात बंद असतं. फोन परगावी गेला, मग घरातला टीव्ही त्याला दिसणार कसा? हे बघा, केलं चालू. आता दोन्ही चालेल.” तिने फोन पुढे केला. “एवढंसं तर होतं. खिडकीतून हाक मारायची होतीत, वर येऊन करून दिलं असतं.”

कुजबुजे तिच्या टपरीसमोर उभेच राहिले. मागच्या गिऱ्हाइकाने खांद्याला धक्का दिला तेव्हा हलले.

घरी येऊन त्यांनी फोटो लावले. लेक पेटाऱ्यावर बसलेली. लेक शाळेच्या गणवेशात. लेक विमानतळावर, हात हलवताना. तिथे बाईंनी हात वर करून थांबवले.

“ती निरोप न घेता गेली,” बाई म्हणाल्या. सावकाश, हात मांडीवरून जेमतेम उचलत. “माझं काहीतरी चुकलं. त्या दिवशी तिचे हात मोठे झाले होते. रागावली होती. मी सुयांचं बोलले म्हणून असेल. ती आजारी, आणि मी आपल्या सुया मागत बसले. तिला वाटलं असेल, आईला काहीच नाही.”

“नाही,” कुजबुजे म्हणाले.

“तू मला चांगलं वाटावं म्हणून सांगतोस. माझ्यावर रागावूनच गेली ती.”

आता हे त्यांना पेलवेना. आपल्या अंगावर काही आले असते तर त्यांनी ते झाकून नेले असते, पण लेकीच्या नावावर हे ठेवणे जमणार नव्हते. त्यांनी खाली बसून फोनमध्ये तो व्हिडिओ शोधला. बोट त्यावर ठेवून थोडा वेळ बसले. मग दाबले.

लेक पडद्यावर आली. पाठीमागे तिने काळी चादर ताणली होती, अंगात काळा सदरा, म्हणजे आईला हात नीट दिसावेत. ताटाएवढे हात. डावा जरा मागे राहत होता.

“आई,” ती म्हणाली, “दुपारी बाबांनी तुला जे सांगितलं ते मी बोलले नव्हते. मी जे बोलले ते आता सांगते.” आणि तिने सांगितले. गाठ, डॉक्टर, हात. सगळे, तसेच्या तसे. मग पुढे: “मी घाबरलेय. तुला सांगितल्याशिवाय माझी भीती जात नाही, लहानपणापासून. मला तुझ्यावर कसलाच राग नाही. सुया मैत्रिणीला आणायला सांगितल्यात, ती पाठवेल. बाबांना रागव, पण त्यांना जेवायला घाल. ते वाईट नाहीत, भित्रे आहेत. आणि आई, मला उत्तर पाठव. काहीही बोल. मला तुझे हात बघायचेत. फोन उशाशी घेऊन झोपणार आहे.”

तिने कपाळाला बोटे लावून आईला नमस्कार केला. उजवा हात कॅमेऱ्याकडे आला आणि पडदा निळा झाला.

बाईंचे हात उठले. त्या पडद्याशी बोलू लागल्या. काय बोलत होत्या ते कुजबुज्यांना मागून दिसत नव्हते, फक्त कोपरे हलताना दिसत होती. ते पुढे आले नाहीत.

बोलून झाल्यावर बाईंनी खुर्ची वळवली.

“हे कधी आलं?”

कुजबुज्यांच्या मनात एक वाक्य तयार होते. मैत्रिणीने नंतर पाठवलं, काल सापडलं, असे काहीतरी. हात त्यासाठी वरही आले होते.

“त्याच संध्याकाळी,” ते म्हणाले.

“तेव्हा ती होती?”

“होती.”

“उत्तराची वाट बघत होती?”

“हो. दोनदा फोन केला तिने. मी उचलला नाही.”

बाईंनी मान हलवली, एखादे माप घेतल्यावर हलवायच्या तशी. त्यांनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घालून ठेवले. कुजबुजे समोर गुडघ्यांवर बसले आणि बोलायला लागले, मला माफ कर, माझे हात पुढे गेले नाहीत, मला वाटलं ती उठेल. बाईंनी डोळे मिटले.

त्यांनी बाईंच्या गुडघ्याला हात लावला. गुडघा बाजूला सरकला. ते तरीही बोलत राहिले. मिटलेल्या डोळ्यांसमोर हात हलवत राहिले, लहान, मग मोठे, मग अगदी मोठे. टीव्हीच्या निळ्या उजेडात त्या हातांची सावली बाईंच्या चेहऱ्यावरून येत-जात होती.